गणवेश उतरल्यानंतर

क्वेंटिन टॅरँटिनो यांचा ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’ २००९ साली आला आणि तेव्हापासून त्याच्या चाहत्यांत एक वाद चालू आहे. हा वाद चित्रपटाच्या विरोधकांशी असता तर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. ज्यांना तो मनापासून आवडतो त्यांच्यातलाच तो आहे, म्हणून अधिक कुतूहलाचा. एका पक्षाचे म्हणणे असे, की हा निखळ सूडाचा खेळ आहे. हिटलरची चित्रपटगृहातच गोळ्यांनी चाळण होते; इतिहासाने जे दिले नाही ते सिनेमाने दिले; टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावे. दुसरा पक्ष म्हणतो, की चित्रपट थोर आहे खरा, पण तो पहिल्या प्रकरणातील शेतघरात आणि चौथ्या प्रकरणातील तळघरात. शेवटची जाळपोळ हा एका बुद्धिमान दिग्दर्शकाचा पोरकटपणा आहे, आणि साठ लाख ज्यूंच्या हत्येशी असा खेळ करण्याचा अधिकार कोणालाच नाही. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. चित्रपटाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय. परंतु गेली काही वर्षे वर्गात आणि वर्गाबाहेर हा वाद ऐकत आल्यावर आमचे एक मत बनले आहे. दोन्ही पक्षांचे डोळे हिटलरच्या मृत्यूवर खिळलेले असतात, आणि ह्या चित्रपटाला इतिहासाविषयी जे खरोखर म्हणायचे आहे ते त्या मृत्यूनंतर येते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथानक. १९४१, जर्मनव्याप्त फ्रान्स. हान्स लांडा हा एसएसचा कर्नल एका शेतकऱ्याच्या घरात जमिनीखाली लपलेले ज्यू कुटुंब हुडकून मारतो. त्यातून शोशाना ही एकटी मुलगी निसटते. तीन वर्षांनी ती पॅरिसमध्ये खोट्या नावाने एक चित्रपटगृह चालवते आहे. इकडे ऑल्डो रेन ह्या अमेरिकन लेफ्टनंटच्या हाताखाली ज्यू सैनिकांची एक टोळी जर्मन सैनिकांना मारून त्यांच्या डोक्यांची कातडी सोलून घेत हिंडते आहे. शोशानाच्या चित्रपटगृहात गोबेल्सच्या प्रचारपटाचा पहिला खेळ ठरतो, हिटलर स्वतः येणार असतो, आणि दोन कट एकमेकांच्या नकळत त्याच रात्री त्याच वास्तूत येऊन भिडतात. नाव १९७८ च्या एका इटालियन युद्धपटावरून घेतलेले, पण त्यातल्या दोन्ही इंग्रजी शब्दांचे शुद्धलेखन मुद्दाम चुकविलेले. ती चूक देवनागरीत उतरत नाही, आणि ज्यांचे निम्मे आयुष्य ऱ्हस्वदीर्घ तपासण्यात गेले अशा आमच्यासारख्यांना ह्याची खंत वाटावी की सुटका वाटावी, हे अजून ठरलेले नाही.

पहिल्या प्रकरणाच्या थोरवीबद्दल वाद नाही. लांडा दूध मागतो, दुधाची स्तुती करतो, कागद मांडतो, शाईचे पेन काढतो. सारे एखाद्या सज्जन कारकुनासारखे. शेतकरी आपला साधा पाइप ओढत असतो, तेव्हा लांडा खिशातून स्वतःचा पाइप बाहेर काढतो, आणि तो इतका अवाढव्य असतो की प्रेक्षक हसतो. त्याच सुमारास कॅमेरा फळ्यांच्या खाली उतरून तोंडावर हात दाबून पडलेली माणसे दाखवतो. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने हास्याचे विरोधी म्हणून भयानक आणि करुण हे दोन रस सांगितले आहेत. एकाच ठिकाणी त्यांची गाठ पडली तर रसभंग होतो हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. इथे गाठ पडते, रसभंग मात्र होत नाही. हसू ओठांवर असते आणि त्याची लाज वाटू लागते, पण ते मागे घेता येत नाही. ख्रिस्टोफ वॉल्ट्झ यांना ह्या भूमिकेसाठी कान महोत्सवात आणि पुढे ऑस्करमध्ये गौरविण्यात आले, ते यथायोग्यच होते.

पण आमच्यासारख्या भाषेच्या माणसांना ह्या प्रसंगातले दुसरे काही अधिक झोंबते. संभाषण फ्रेंचमध्ये सुरू होते. थोड्या वेळाने लांडा अत्यंत अदबीने सांगतो, की आपले फ्रेंच आता संपत आले, तेव्हा तुमची हरकत नसेल तर इंग्रजीत बोलू. प्रेक्षकाला वाटते, हॉलिवूडने आपल्या सोयीसाठी केलेली ही नेहमीची युक्ती. आता सारे इंग्रजीत चालणार. प्रत्यक्षात ती युक्ती लांडाची असते. फळ्यांखालच्या माणसांना इंग्रजी कळत नाही. त्यांच्या डोक्यावर त्यांच्याच मरणाची वाटाघाट चालू असते आणि त्यांना तिचा शब्दही समजत नाही. काम झाल्यावर लांडा पुन्हा उत्तम फ्रेंचमध्ये घरातल्यांचा निरोप घेतो. खालच्यांना वाटते, पाहुणा चालला. आणि सैनिक आत येतात. एक भाषा सोडून दुसरी धरणे हीच येथे हत्येची पूर्वतयारी आहे. गोळ्या त्यानंतरचा तपशील.

हे एकदा लक्षात आले की साराच चित्रपट वेगळा दिसू लागतो. चौथ्या प्रकरणातील तळघरातल्या दारूच्या गुत्त्याचे दृश्य ह्या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगे आहे. आर्ची हिकॉक्स हा ब्रिटिश लेफ्टनंट व्यवसायाने चित्रपटसमीक्षक, जर्मन सिनेमावर पुस्तके लिहिलेला. (समीक्षकाला युद्धात कामाला लावणारा दुसरा चित्रपट आमच्या पाहण्यात नाही; आणि त्याची गत काय होते हेही समीक्षकांनी ध्यानात ठेवावे.) त्याच्या अंगावर जर्मन गणवेश आहे, जर्मन व्याकरण निर्दोष आहे, उच्चार तेवढे किंचित विचित्र. त्यावर तो खुलासा देतो, की आपण डोंगराळ भागातले, आणि १९२९ च्या एका पर्वतपटात आपले अख्खे गाव झळकले होते. सिनेमाचे ज्ञान त्याला त्या क्षणी वाचवते. मग तो तीन पेले मागवताना तीन बोटे वर करतो: तर्जनी, मध्यमा, अनामिका. जर्मन माणूस अंगठ्यापासून मोजतो. समोरचा गेस्टापो मेजर हे पाहतो आणि खेळ संपतो. भाषा अंगात मुरणे म्हणजे काय, ह्यावर इतके नेमके भाष्य आम्ही भाषाविज्ञानाच्या पुस्तकातही क्वचित पाहिले असेल. शब्द पाठ होतात. बोटे पाठ होत नाहीत. उघडे पडल्यावर हिकॉक्स म्हणतो, आता मरायचेच आहे तर आपल्या इंग्रजीत बोलतो. परका गणवेश अंगावर राहतो, परकी भाषा मात्र तो उतरवून ठेवतो.

ह्याच्या नेमक्या उलट ऑल्डो. तो इटालियन बनून चित्रपटगृहात येतो आणि टेनेसीच्या हेलातला एकच इटालियन शब्द फेकतो. लांडा अस्खलित इटालियनमध्ये उत्तर देतो आणि ऑल्डोच्या साथीदाराला त्याचे खोटे नाव पुन्हा पुन्हा उच्चारायला लावतो. मास्तर पोराकडून शब्द घटवून घेतात तसे. सभागृहात हशा पिकतो, आमच्याही. पण मांडणी पाहा: ऑल्डोला दुसरे काही होताच येत नाही, हिकॉक्सला जवळजवळ होता येते, आणि लांडाला काहीही होता येते. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन, इटालियन. चारही त्याला शिवून घेतल्यासारख्या बसतात. पुढे तो एका रात्रीत अमेरिकन देशभक्तही व्हायला निघतो, त्याची ही पूर्वसूचना आहे.

प्रचारपटाच्या दृश्याविषयी फार लिहीत नाही, कारण त्याविषयी बहुतेक सारे सांगून झाले आहे. पडद्यावर जर्मन नेमबाज शत्रूला टिपतो आहे, हिटलर खदखदून हसतो आहे, आणि थोड्याच वेळात त्याच्या मरणावर आपण हसणार आहोत. आरसा स्पष्ट आहे. एवढेच जोडावेसे वाटते, की ह्यातली कल्पना वाटते तितकी काल्पनिक नाही. गोबेल्सने शेवटच्या काळात ‘कोलबर्ग’ ह्या भव्य चित्रपटासाठी सैनिक आणि साधने ओतली, आणि ३० जानेवारी १९४५ रोजी तो बर्लिनमध्ये व वेढ्यात सापडलेल्या ला रोशेलमध्ये दाखविण्यात आला. राज्य बुडत असताना ही माणसे सिनेमाचा पहिला खेळ साजरा करीत होती.

खरी अडचण आगीची आहे. शोशानाचा प्रियकर मार्सेल बाहेरून दारे बंद करून घेतो, पडद्यामागे रचलेल्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मच्या ढिगाला आग लावतो आणि आतली माणसे, अधिकारी आणि त्यांच्या नटूनथटून आलेल्या बायकांसकट, जळतात. समीक्षक डॅनियल मेंडेलसन यांनी २००९ मध्येच आक्षेप घेतला होता, की हा चित्रपट ज्यूंना नाझींच्या भूमिकेत उभे करतो. ‘गंमत म्हणून पाहा’ म्हणणाऱ्या चाहत्यांनी ह्या आक्षेपाला कधी धड उत्तर दिलेले नाही. चित्रपटातील पॅरिसचा काळ जून १९४४ हा आहे. त्याच जूनच्या १० तारखेला फ्रान्समधील ओरादूर-सुर-ग्लान ह्या गावात एसएसच्या ‘दास राइश’ डिव्हिजनच्या सैनिकांनी बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून चर्च पेटवले आणि पुरुषांना कोठारांत गोळ्या घातल्या. सहाशेहून अधिक माणसे गेली. बंद दारे आणि आत माणसे, हे चित्र नाझींच्या हातचे आहे. ते उचलून उलटे फिरविण्याने न्याय होतो काय?

ह्या प्रश्नावर आम्हा दोघांचे एकमत नाही, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. आमच्यापैकी एकाला वाटते, की टॅरँटिनो यांना हे पुरते ठाऊक आहे. धुराच्या लोटांवर मेलेल्या शोशानाचा प्रचंड चेहरा हसत राहतो, ते हसू विजयाचे वाटत नाही. ते ऐकवत नाही, आणि तसेच ते योजलेले आहे. दुसऱ्याला वाटते, की ठाऊक असणे पुरेसे नाही. त्या दृश्याची लय, संगीत आणि छायाचित्रण प्रेक्षकाला टाळ्याच वाजवायला लावतात, आणि मग कलावंताच्या मनातला संकोच त्याच्याच मनात राहतो. चॅप्लिन यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की छळछावण्यांतल्या खऱ्या भीषणतेची कल्पना असती तर आपण ‘द ग्रेट डिक्टेटर’ करू शकलो नसतो. त्यांचा चित्रपट १९४० चा. टॅरँटिनो यांच्यापुढे ती सवलत नाही. सारे ठाऊक झाल्यानंतरचे हे हसू आहे, आणि त्याची किंमत जास्त मागितली जाणारच.

मात्र ‘हिटलर असा मेला नाही’ ह्या आक्षेपाशी आम्ही दोघेही सहमत नाही. मराठी वाचकाला हा आक्षेप परिचित वाटेल. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले तेव्हा नाना फडणवीस असे होते काय, ह्यावर एवढे रण माजले की सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे घडवते आणि काम झाल्यावर त्यांना जमावाच्या हाती कसे देते, हा नाटकाचा प्रश्न बराच काळ बाजूला पडला. इथेही तेच झाले आहे. हिटलर ३० एप्रिल १९४५ रोजी बर्लिनच्या तळघरात स्वतःच्या हाताने मेला, हे चित्रपट पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. ह्या थापेने कोणी फसत नाही. फसवणूक जिथे खरोखर चालते ती जागा वेगळी आहे.

चित्रपटगृहातला कट उघडकीला आल्यावर लांडा तो मोडून काढत नाही. तो ऑल्डोसमोर मद्याचा पेला ठेवून सौदा मांडतो: मी कट होऊ देतो, युद्ध आज रात्री संपते, मोबदल्यात मला अमेरिकेचे नागरिकत्व, लष्करी निवृत्तिवेतन, सर्वोच्च शौर्यपदक आणि नॅन्टकेट बेटावर घर. आणि आणखी एक अट. ह्या रात्रीचा लष्करी इतिहास लिहिला जाईल तेव्हा मी प्रारंभापासून ह्या मोहिमेत सामील होतो, अशी नोंद झाली पाहिजे. रेडिओवर पलीकडचा अमेरिकन अधिकारी सारे मान्य करतो. सगळे टीकाकार टॅरँटिनो यांच्यावर इतिहास बदलल्याचा आरोप ठेवतात. चित्रपटाच्या आत इतिहास बदलायला बसलेला माणूस मात्र लांडा आहे, आणि लोकशाही सरकार त्याला कागद पुरवते आहे.

आता ह्यात काल्पनिक किती? न्यूरेम्बर्गच्या वंशविषयक कायद्यांवर भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक हान्स ग्लोबके १९५३ ते १९६३ ह्या काळात पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरच्या कार्यालयाचा प्रमुख होता. एसएसचा अधिकारी असलेला वेर्नर फॉन ब्राउन १९४५ मध्ये अमेरिकेत नेण्यात आला; ज्याची व्ही-२ अस्त्रे छावणीतल्या गुलाम कैद्यांकडून बनवून घेतली गेली त्याने पुढे चंद्रावर जाणारे अग्निबाण बनविले आणि तो सन्मानित नागरिक म्हणून मरण पावला. आणि ओरादूर? त्या डिव्हिजनचा सेनापती हाइन्त्स लामरडिंग ह्याला फ्रेंच न्यायालयाने त्याच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा सुनावली होती. तो पश्चिम जर्मनीत बांधकामाचा धंदा करीत राहिला, फ्रान्सच्या हाती कधी लागला नाही, आणि १९७१ साली मरण पावला. चर्च जाळणाऱ्यांनी गणवेश उतरवला आणि कामाला लागले. चित्रपटातली आग ही इच्छा आहे. सौदा हा इतिहास आहे.

ऑल्डोला सबंध चित्रपटभर एकच प्रश्न पडलेला असतो. पकडलेल्या जर्मन सैनिकाला तो विचारतो, घरी गेल्यावर ह्या गणवेशाचे काय करणार? सैनिक म्हणतो, काढून टाकीन, जाळून टाकीन. हेच तर आम्हाला नको आहे, असे म्हणून ऑल्डो त्याच्या कपाळावर सुरीने स्वस्तिक कोरतो. पहिल्यांदा हे दृश्य नुसते क्रूर आणि काहीसे विनोदी वाटते. शेवटी, सीमेवर पोहोचल्यावर, तोच प्रश्न तो लांडाला विचारतो. आणि मग कळते, की हा अडाणी दिसणारा टेनेसीवाला ग्लोबके आणि लामरडिंग यांच्याविषयी बोलतो आहे. लांडा सर्व भाषा बोलू शकतो, सर्व निष्ठा पांघरू शकतो. त्याला उतरवता येणार नाही असे एकच काही त्याच्या अंगावर ठेवायचे तर ते कातडीतच ठेवावे लागेल.

जागा कपाळाचीच, ह्याकडे चाहत्यांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. तळघरातल्या दृश्यात एक खेळ चालतो: प्रत्येकाच्या कपाळावर एका पत्त्यावर लिहिलेले नाव, ते इतरांना दिसते, ज्याचे त्याला दिसत नाही, प्रश्न विचारून ओळखायचे. गेस्टापो मेजरच्या कपाळी ‘किंग काँग’ असते. जंगलातून आणले, बोटीतून, साखळदंडात, लोकांना दाखवायला. तो विचारतो, मी अमेरिकेतील काळ्या माणसाची कथा आहे काय? नाही? मग किंग काँग. ज्या अमेरिकेच्या सैन्यात तेव्हा काळ्यागोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, तिच्याविषयी हे वाक्य नाझीच्या तोंडी येते, हा चित्रपटातला सर्वांत कडवट विनोद. शेजारच्या टेबलावर एक साधा जर्मन शिपाई त्याच दिवशी झालेल्या मुलाचा आनंद साजरा करतो आहे. आपल्याकडे जन्मानंतर सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लेख लिहून जाते. तो लेख ज्याचा त्याला वाचता येत नाही. त्या पोरक्या होऊ घातलेल्या बाळाच्या बापाला पाहताना आम्हाला त्याची आठवण होते. आणि शेवटच्या दृश्यात अश्वत्थाम्याची. झोपलेल्यांना रात्री कापून काढणारा तो. त्याच्या कपाळीचा मणी काढून घेतला आणि त्याला मरणही दिले नाही. तेल मागत दारोदार फिरणारा, भळभळत्या जखमेचा अश्वत्थामा मराठी मुलाला आजीच्या गोष्टीत भेटतो. फळ्यांखाली लपलेल्यांना मारणाऱ्या लांडालाही मृत्यू मिळत नाही. घर मिळेल, निवृत्तिवेतन मिळेल. कपाळ मात्र झाकता येणार नाही.

चित्रपटाचे उणे सांगायचे तर ते ऑल्डोच्या टोळीत आहे. ज्यांच्या नावाने चित्रपट ओळखला जातो त्या ज्यू सैनिकांना जवळजवळ काहीच बोलायला दिलेले नाही. दुसऱ्या प्रकरणात पकडलेला जर्मन सार्जंट आपल्या तुकडीचा ठावठिकाणा सांगत नाही. हे पदक ज्यू मारल्याबद्दल मिळाले काय असे विचारल्यावर ‘शौर्याबद्दल’ एवढेच म्हणतो आणि बॅटीच्या फटक्यांनी मरतो. नाझीला एका शब्दात एक संपूर्ण माणूस दिला. त्याला मारणाऱ्या डॉनोविट्झला नुसती आरोळी. भाषेवर एवढे प्रभुत्व असलेल्या लेखकाने हे अजाणता केले असे म्हणवत नाही, आणि जाणून केले असेल तर त्याचे समर्थन आम्हाला सापडलेले नाही. मार्सेलचेही तसेच, आग लावणाऱ्या ह्या कृष्णवर्णी तरुणाला मोजून काही वाक्ये मिळतात. शोशानाला तरी पडद्यावर आपले नाव उच्चारता येते, तेही मेल्यावर.

शेवटचे दृश्य मात्र दोन्ही पक्षांच्या चाहत्यांनी एकदा आवाज बंद करून पाहावे. कोरणे संपल्यावर ऑल्डो आणि त्याचा एक सहकारी वाकून आपल्या कामाकडे पाहतात, आणि ऑल्डो म्हणतो, ही बहुधा माझी सर्वोत्तम कृती. त्याच्या स्वतःच्या गळ्यावर फासाच्या दोराचा जुना वळ आहे. तो कुठून आला हे चित्रपट सांगत नाही. कॅमेरा जमिनीवर आहे, लांडाच्या डोळ्यांच्या जागी. दुसऱ्या प्रकरणातही खुणेनंतर कॅमेरा असाच खाली ठेवलेला होता. वरून ते दोघे ज्या कपाळाकडे पाहतात, ते बसल्या जागी प्रेक्षकाचे आहे. आमच्यापैकी एकाला त्या वाक्यावर दर वेळी हसू फुटते. दुसरा त्या वेळी एक हात नकळत कपाळाकडे नेतो, असे पहिल्याचे म्हणणे आहे, आणि दुसऱ्याला ते मान्य नाही.